बोटभर उघडी खिडकी

थेबेक गावातल्या म्हाताऱ्यांच्या बैठकीच्या दालनात हिवाळाभर एकच भांडण चालतं, जास्त गरम जमीन कुणाच्या वाट्याला यायची याचं. गावातल्या सगळ्या घरांप्रमाणे त्या दालनाच्या जमिनीखालूनही गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या आहेत. बॉयलरमधून निघालेलं पाणी जिथे पहिल्यांदा जमिनीखाली शिरतं, तिथली दोन हात जागा बाकीच्या जागेपेक्षा अंमळ जास्त तापते. त्या दोन हातांसाठी सत्तरीच्या बाया एकमेकींना कोपरं मारतात, गुडघ्यांची दुखणी सांगतात, वेळ पडली तर रडतातसुद्धा. पिलसून मात्र आली की थेट दाराशी बसते. पत्त्यांचा डाव रंगला आणि कुणाचं लक्ष नाही असं दिसलं, की हात मागे नेऊन दार बोटभर सरकवते.

"सोराचे आई, लाव ते दार! माझे पत्ते उडाले."

"उडू देत. हरतच होतीस."

"अगं, गारठून मरू आम्ही!"

"गारठून मरताना माणसाला कळतं तरी," पिलसून म्हणते, आणि दार तसंच ठेवते.

यावर कुणी हसत नाही. हे जुनं कोळशाचं गाव. इथल्या म्हाताऱ्यांना तिच्या बोलण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कुणीतरी उठून दार लावतं, पिलसून ते पुन्हा उघडते, आणि डाव पुढे चालू राहतो.

पिलसून लग्न होऊन आली ती खाणीच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या घरात. दोघे भाऊ खाणीत उतरायचे, दोघी जावा घर बघायच्या. त्या काळी जमिनीखाली पाणी नव्हतं, धूर होता. चुलीत कोळशाची भोकाभोकांची जाड वडी पेटवायची आणि तिची धग दगडी पोकळ्यांमधून खोल्यांखालून फिरवायची. जमिनीवर तेल पाजलेला पिवळा कागद चिकटवलेला असे. त्या कागदाखाली एखादी चीर पडली, तर तिच्यातून कोळशाचा विषारी वायू वर यायचा. त्याचा आवाज नाही, दिसायला काही नाही. माणूस झोपेत असलं तर झोपेतच जायचं.

धाकटी जाऊ चुंजा बाळंतीण झाली ती ऐन थंडीत. बाळंतिणीच्या हाडांत वारा शिरला तर ती जन्माची अधू होते, हे इथे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. म्हणून सासूबाईंनी खोलीच्या खिडकीच्या सगळ्या फटींवर कागद चिकटवून घेतला. त्याची खळ पिलसूननेच शिजवली. एका पहाटे ती बाळंतिणीसाठीचं समुद्री शेवाळाचं सूप घेऊन चुंजाच्या खोलीशी गेली आणि पायाने दार सरकवलं. चुंजा झोपलेली होती. कुशीत बाळ होतं. दोघांच्या गालांवर सुरेख लाली होती. इतकी लाली चुंजाच्या गालांवर लग्नातसुद्धा नव्हती. पिलसूनला बरंच वाटलं. सूप बाईच्या अंगी लागलं म्हणायचं, असा विचार करून तिने हाक मारली. मग पुन्हा मारली. शेजारणी मुळ्याच्या लोणच्याचं गार पाणी घेऊन धावत आल्या. वायू लागलेल्याला तेच पाजायची रीत होती. पण पाणी चुंजाच्या ओठांवरून उशीवर सांडत राहिलं.

कुणीही पिलसूनला बोल लावला नाही. त्या हिवाळ्यात वसाहतीत अशी आणखी घरं होती. पण तेव्हापासून तिची झोप गेली ती गेलीच. सोरा जन्मली आणि वाढली ती उघड्या खिडकीखाली. तिचं नाक बारा महिने गळायचं. पुढे पिलसून शाळेच्या मुदपाकखान्यात कामाला लागली. तिथल्या बायका हातमोजे घालून मुळे चिरायच्या, कारण हिने सगळी तावदानं उघडलेली असत.

खाणी बंद झाल्या. नवऱ्याची छाती कोळशाने आधीच खाऊन टाकली होती, तो गेला. पिलसूनला सरकारी इमारतीत छोटं घर मिळालं. काम चालू असताना ती मुद्दाम बघायला गेली. जमीन अजून ओतायची होती आणि पांढऱ्या नळ्या नागमोडी पसरलेल्या दिसत होत्या.

"यातून काय जाणार?" तिने मिस्त्रीला विचारलं.

"पाणी."

"नुसतं पाणी?"

"मग काय मावशी, जवाचा चहा सोडू?"

बॉयलर मागच्या गॅलरीत होता, त्याचा धूर भिंतीतून सरळ बाहेर जाणार होता. वायू सुटला तर ओरडणारा गजर छताला लावलेला होता. पिलसूनने सगळं नीट समजून घेतलं, मान डोलवली आणि विचारलं, "आणि हा गजरच झोपला तर?"

या माघात सोरा दवाखान्यातून बाळ घेऊन बाळंतपणाला आली. छत्तिसाव्या वर्षी, पुष्कळ औषधपाण्यानंतर दिवस गेलेले. शहरात बाळंतिणींसाठी छान केंद्रं असतात, जावई जेहुनने एक बघूनही ठेवलं होतं. पण पिलसून फोनवर हटूनच बसली. माझी लेक परक्या नर्सांच्या हातचं सूप खाणार नाही, बाळंतपण माझ्याकडेच. सोरा कबूल झाली आणि फोन ठेवल्याबरोबर पिलसूनच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. बाळंतीण, बाळ, बंद खोली आणि तापलेली जमीन. हे सगळं तिने आपणहून मागून घेतलं होतं.

"आई, एक वचन दे," आल्या आल्या सोरा म्हणाली. "खिडकीला हात लावायचा नाही. माझं लहानपण गारठलं ते गारठलं. माझ्या बाळाचं नको."

"वेडी का काय! बाळंतिणीच्या खोलीत खिडकी उघडेन मी?" पिलसून म्हणाली. तिने तर बाजारातून जाडजूड पडदा आणून तिथे टांगलाही होता.

आणि पहिला दिवस तिने खरंच निभावला. बाळाचं नाव अजून ठरायचं होतं. पोटात असतानाचं लाडाचं नाव कोंगी, म्हणजे शेंगेतला दाणा, तेच चालू होतं. कोंगी जमिनीवरच्या गादीवर झोपायची, शेजारी सोरा. पिलसून सूप नेऊन द्यायची, रिकामा वाडगा परत आणायची आणि दर खेपेला वाकून बघायची. छाती हलतेय का? हलतेय. स्वयंपाकघरात पोचेपर्यंत पुन्हा धास्ती. मघाशी हललेली छाती आत्ता हलत असेल कशावरून? ती परत फिरायची.

"आई, काय विसरलीस?"

"चमचा."

"चमचा तुझ्या हातात आहे."

दुसऱ्या दिवशी पडद्यामागे हात घालून तिने खिडकी बोटभर सरकवली. फक्त बोटभर. बाहेर उणे बारा होतं, पण पडदा जाड होता. वाऱ्याची ती गार धार हाताला लागली, तेव्हा कुठे तिला स्वतःला पुरता श्वास घेता आला. वचन मोडल्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाईट वाटून माणूस मरत नाही, असा तिचा हिशेब होता.

सोराला मात्र पाठीत थंडी भरू लागली. "वारं कुठून येतंय गं?" ती विचारायची. खोली किती गरम हवी तो आकडा लावायची डबी खिडकीशेजारच्या भिंतीवर होती. सोराने आकडा वाढवला. गॅलरीतला बॉयलर घुरघुरू लागला तो थांबेचना. संध्याकाळपर्यंत जमिनीला पाय ठेववेना.

पिलसूनने ओणवं होऊन जमिनीवर तळहात टेकवला आणि चटकन मागे घेतला. इतकं कधी तापत नसे. काहीतरी बिघडलंय. आत काहीतरी भडकलंय आणि कुणाच्या ताब्यात नाही. पाणी आहे, नुसतं पाणी आहे, असं तिने स्वतःला बजावलं. मग पडद्यामागे जाऊन खिडकी दोन बोटं केली.

तिसऱ्या दिवशी जमीन आणखी तापली. खिडकी चार बोटं झाली. सोरा खालून घामेजायची आणि वरून कुडकुडायची. कोंगीच्या मानेवर लाल पुरळ उठलं. पिलसूनचा जीव नुसता टांगणीला लागला. तिने बॉयलरवाल्याला बोलावून घेतलं.

कांग नावाचा तो बॉयलरवाला गडी गप्पिष्ट होता. त्याने मशीनचं झाकण काढलं, ओट्याखालच्या नळ्यांच्या चाव्या तपासल्या, गजर वाजवून दाखवला आणि हात पुसत म्हणाला, "मावशी, मशीन ठणठणीत आहे. माझ्यापेक्षा धडधाकट."

"मग थांबत का नाही ते?"

"बिचारं थांबेल कसं? त्या डबीला खोलीतली हवा गार लागतेय. हवा गार म्हटली की ती सांगते, आण गरम पाणी. हे आणतं. हवा तरी गारच, मग आणखी आण. एखादी खिडकी-बिडकी उघडी राहते का कुठे?"

सोरा आतून ऐकत होती. पिलसूनने कांगच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, "छे! घरात बाळंतीण आहे. खिडकी कोण उघडेल?"

"तेही खरंच," कांग म्हणाला, चहा प्यायला आणि निघून गेला.

पिलसून ओट्याशी उभी राहिली. त्याचं बोलणं तिला समजलं नव्हतं असं नाही. खिडकी लावली की जमीन निवेल, इतकं सरळ होतं ते. पण हे झालं मशीनवाल्याचं. ज्या खोलीत जमीन पेटल्यासारखी तापलीय, त्या खोलीची खिडकी आपल्या हाताने लावायची? तिने पडद्यापर्यंत जाऊन बघितलं. हात पुढे केला. बोटं तावदानाला लागली आणि तिथेच अडून बसली. ती परत येऊन भांडी घासू लागली, घासलेलीच पुन्हा घासू लागली. खोटं बोलले, आता खरं सांगायची सोय राहिली नाही, हेही तिला कुरतडत होतं.

दुपारी घर अगदी शांत झालं. सोराचा आवाज नाही, बाळाची कुरकूर नाही. दूध प्यायची वेळ टळून गेली तरी बाळ रडलं नाही. पिलसून सुपाचा वाडगा घेऊन दाराशी आली आणि दार सरकवलं.

सोरा कुशीवर झोपली होती. तिच्या कुशीत कोंगी. दोघींच्या गालांवर सुरेख लाली होती.

वाडगा कुठे पडला ते पिलसूनला आठवत नाही. तिने हाक मारली नाही. हाक मारण्यात वेळ जातो, हे तिला माहीत होतं. तिने पडदा ओढून फाडला, खिडकी टोकापर्यंत ढकलली, बाळाला दुपट्यासकट उचललं आणि अनवाणी धावत सुटली. समोरचं दार उघडून ती इमारतीच्या उघड्या सज्जात आली, गोठलेल्या लादीवर उभी राहिली आणि बाळाचं तोंड वाऱ्याकडे करून ओरडू लागली, "श्वास घे! घे गं माझे बाई, घे!"

कोंगीने जो टाहो फोडला तो खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल.

मागून सोरा धडपडत आली. केस विस्कटलेले, पायात एकच मोजा. तिने बाळ हिसकावून घेतलं, छातीशी गच्च धरलं आणि आत पळाली. पिलसून तिच्यामागे गेली तेव्हा सोरा खोलीच्या मध्यावर उभी होती. सताड उघड्या खिडकीतून बर्फाचा भुगा आत येत होता. जमिनीवर सांडलेल्या सुपाची वाफ होत होती.

"तू उघडत होतीस," सोरा म्हणाली.

पिलसून वाकून पडलेला वाडगा शोधू लागली.

"रोज उघडत होतीस. आणि माझ्यादेखत त्या माणसाला नाही म्हणालीस. मी इथे रोज विचारतेय वारं कुठून येतंय, वारं कुठून येतंय, आणि तू मला आणखी एक मोजा आणून देतेस!" तिचा आवाज फाटला. "जमीन तापतेय म्हणून खिडकी उघडायची आणि खिडकी उघडली म्हणून जमीन तापतेय. माझं बाळ भाजून काढलंस तू, आई! आणि वरून नेऊन बर्फात उभं केलंस! जेहुनला फोन करते. आजच जाते मी."

"जा," पिलसून म्हणाली. तिचे पाय निळे पडले होते. "जा गं. खरंच जा. मी तर म्हणते आत्ताच जा."

हे ऐकून सोरा थबकली. तिने आईकडे नीट बघितलं. आई तिच्याकडे बघतच नव्हती, बाळाच्या गालांकडे बघत होती.

"तिचे गाल," पिलसून म्हणाली. "तुमचे दोघींचे गाल लाल झालेले."

"गरम होतंय म्हणून लाल झालेत!"

"चुंजाचेही तसेच होते."

वायू लागून गेलेली एक काकू होती, एवढंच सोराला ठाऊक होतं. तिचं बाळंतपण, तिचं बाळ, खिडकीवरचा कागद, शिजवलेली खळ, यातलं काहीच घरात कधी बोललं गेलं नव्हतं. पिलसूनने ते आता सांगितलं, उभ्या उभ्या, सुपाच्या थारोळ्याशेजारी, मधूनमधून खिडकीकडे बघत. रडली नाही. बाजारहाटाचं सांगावं तसं सांगितलं. सोरा हळूहळू खाली बसली.

मग ती म्हणाली, "आई, पण खाली पाणी आहे. नळीत पाणी आहे नुसतं."

"माहीत आहे मला. मी ओतायच्या आधी बघितलंय."

"मग?"

"डोक्याला माहीत आहे गं."

कोंगी हुंदके देत देत दूध प्यायला लागली. खोली बर्फासारखी झाली होती, तरी खिडकी लावायला दोघींपैकी कुणीही उठलं नाही. सोराने जेहुनला फोन केला नाही. बाळाच्या टाळूवरून हात फिरवता फिरवता तिने विचारलं, "आल्यापासून बघतेय, तू झोपतेस कुठे? तुझं अंथरूण तुझ्या खोलीत नसतंच."

"इथे. दाराबाहेर."

"त्या बोळात? का?"

"कुणीतरी बाहेर असलेलं बरं. आतल्यांना ओढून काढायला."

सोराने बाळाला खांद्यावर घेतलं. मग अगदी हळू म्हणाली, "तेव्हाही तू बाहेरच होतीस ना, आई?"

पिलसूनला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं तिने हे मनात सतरा प्रकारे फिरवलं होतं, पण या बाजूने कधीच नाही. ती बाहेरच होती, पलीकडच्या खोलीत. बाहेर असून तिने काय केलं होतं? सूप शिजवलं होतं. जिवंत राहिली होती.

"ये, इकडे झोप," सोरा सरकत म्हणाली. तिने गादीवर थाप मारली. "आमच्यात. खिडकी लाव आणि ये."

"मी लावू?"

"तूच लाव."

पिलसून खिडकीशी गेली. तावदान जड नव्हतं, पण तिला दोन्ही हात लावावे लागले. फट अरुंद होत होत बोटभर उरली. तिथे ती थांबली. मागे सोरा घाई करत नव्हती. शेवटी तावदान चौकटीला लागलं आणि बाहेरच्या वाऱ्याचा आवाज एकदम तुटला. गॅलरीतला बॉयलर थोडा वेळ घुरघुरला आणि गप्प झाला.

ती बाळाच्या पलीकडच्या बाजूला आडवी झाली. जमिनीची ऊब कापडातून वर पाठीत शिरली. अशा बंद खोलीत जमिनीला पाठ टेकून किती हिवाळे झाले, तिला सांगता आलं नसतं. सगळं अंग ताठ होतं. ती बाळाचा श्वास मोजू लागली, मग लेकीचा, मग पुन्हा बाळाचा. उद्याही मोजणार होती, परवाही, हे तिला कळत होतं. ही धास्ती काही एका दुपारीत जाणारी नव्हती.

मग तिच्या मनात आलं, काही झालंच, तर या खेपेला सूप घेऊन दार उघडायची पाळी आपल्यावर येणार नाही.

विचार काही भला नव्हता. आजीच्या मनात यावा असा तर नव्हताच. पण त्यासरशी तिची मान सैल पडली, मुठी उघडल्या, आणि मोजता मोजता पिलसूनला झोप लागली.